लावणार सगळे, राखणार कोण?

बायपासला लागून एक नवी टाउनशिप उभी राहते आहे. नाव सांगत नाही, तशा दहा तरी असतील. फलकावर दाट हिरवी झाडं, धुकं, एक धबधबा आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘अब इंदौर में अपना रेनफॉरेस्ट’. तीन वर्षांपूर्वी याच जागी मी सोयाबीन पाहिलंय, त्याआधी लसूण. शेतं गेली, भूखंड पडले आणि नकाशात बगीचा म्हणून दाखवाव्या लागणाऱ्या कोपऱ्यात आता वर्षावन येणार आहे. तूर्त तिथे ठिबकच्या नळ्या पसरल्यात आणि मुळाशी गोणपाट गुंडाळलेले पाम ट्रकमधून उतरवून आडवे ठेवलेत.

एरवी हसून पुढे गेलो असतो. पण त्याच आठवड्यात आमच्या घरी याच विषयावर वाजलं होतं.

इंदूरजवळच्या मानपूरपाशी आमची सात बिघे जमीन आहे, आजोबांनी घेतलेली. चार बिघे काळी, तिच्यात सोयाबीन आणि गहू होतो. तीन बिघे बरड, उताराची, मुरूम वर आलेली. ती बरड बाजू आता पेरायची नाही, तिथे जंगल होऊ द्यायचं, इथपर्यंत भावाभावांत एकमत झालं. पुढे गाडी अडली. दादाचं म्हणणं, हजार रोपं आणू, सोसायटीतली मंडळी येतील, चहापोहे ठेवू, एका रविवारी काम फत्ते. आमचा बटाईदार, म्हणजे वाट्याने शेत करणारा, ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होता. तो इतकंच म्हणाला, ‘लगाने को तो कोई भी लगा देगा, भैयाजी. रखेगा कौन?’

मला जे म्हणायचंय ते त्याच्या त्या वाक्यात आलंय. मी फक्त त्याला वर्षं आणि आकडे जोडणार आहे.

आपल्या शहराला लावण्याची हौस भारी. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजवर २४ तासांत ११ लाखांहून अधिक रोपं लावून इंदूरने गिनीज विक्रम केला. त्याआधी २ जुलै २०१७ रोजी आपल्याच राज्यात नर्मदेच्या खोऱ्यात १२ तासांत ६ कोटींहून जास्त रोपं लावली गेली होती. हजारो माणसं चिखलात उतरली, आईच्या नावाने खड्ड्यात माती ढकलली. त्या भावनेची टिंगल करायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या आईच्या नावाचं एक रोप मीही लावलंय. पण विक्रम २४ तासांचा आणि झाड ४० वर्षांचं. रोपांचा हिशेब मागायची खरी तारीख लावल्याच्या संध्याकाळची नसते, दहाव्या पावसाळ्याची असते. त्या तारखेचं निमंत्रण मला अजून कुणी दिलेलं नाही.

शेती सुटलेल्या जमिनीवर उष्ण प्रदेशातलं जंगल परत आणता येतं का? येतं. याचं सर्वांत जुनं आणि नामांकित उदाहरण रिओ दि जानेरो शहराच्या अंगाखांद्यावर आहे. तिथल्या तिजुका डोंगरावरचं वर्षावन कॉफीच्या मळ्यांसाठी साफ झालं. झरे आटले, शहराला पाणी पुरेना. मग १८६१ साली सम्राट दुसरा पेद्रो याच्या सरकारने मळे ताब्यात घेऊन जंगल पुन्हा उभं करायचा हुकूम काढला आणि मॅन्युएल गोमेस आर्चर नावाच्या मेजरला कामाला लावलं. त्याच्या हाताशी सुरुवातीला मोजके गुलाम मजूर होते. ब्राझीलमध्ये गुलामी १८८८पर्यंत चालू होती, तेव्हा हे सुंदर जंगल कुणाच्या घामावर वाढलं तेही ध्यानात ठेवलेलं बरं. आर्चरने १३ वर्षांत लाखभर झाडं लावली. सरासरी काढली तर दिवसाला वीसेक. आपल्या विक्रमापुढे अगदीच केविलवाणा वेग. पण तो माणूस डोंगरावरच राहिला, मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावत राहिला, आणि १९६१ साली तिजुका राष्ट्रीय उद्यान झालं.

याच गोष्टीला एक खोच आहे आणि ती मराठी माणसाला जास्त टोचेल. तिजुकात लावलेल्या झाडांत परदेशी झाडंही होती, आणि त्यातलं एक म्हणजे आपला फणस. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून नेलेला. कोकणात ज्याच्या गऱ्यांसाठी मे महिन्याची वाट बघायची, तोच फणस तिकडे स्थानिक झाडांना उठू देत नाही म्हणून उद्यानवाले त्याच्या खोडाची साल गोल काढून त्याला मारतात. शिवाय झाडं उभी राहिली तरी मोठी बी उचलून दूर पुरणारे प्राणी डोंगरावरून कधीच संपले होते. दीडशे वर्षांनी तिथे अगूटी नावाचे कुरतडणारे प्राणी आणि मग हाऊलर माकडं बाहेरून आणून सोडावी लागली. दीडशे वर्षं नीट राखलेल्या जंगलाची ही कथा. आणि आपण रविवारी संध्याकाळी फोटो टाकून मोकळे होतो.

आपल्या देशातलं उदाहरण बघायचं तर वालपराईला जावं लागेल. तमिळनाडूत अन्नामलैच्या डोंगरांत चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये वर्षावनाचे लहान-लहान तुकडे उरलेत, समुद्रात बेटं असावीत तसे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची मंडळी, त्यात दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रामन, गेली वीस-पंचवीस वर्षं तिथे हे तुकडे सांधताहेत. त्यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे कामाचा कंटाळवाणेपणा. रस्त्याकडेला पडलेल्या बिया गोळा करायच्या, रोपवाटिकेत वाढवायच्या, आधी जागेवरची घाणेरी उपटायची, मग रोप लावायचं, मग पुढची काही वर्षं घाणेरी पुन्हा पुन्हा उपटायची. शंभराहून अधिक स्थानिक जातींची झाडं त्यांनी अशी वाढवली. ७ ते १५ वर्षांपूर्वी लावलेले भाग आणि नुसते सोडून दिलेले भाग यांची तुलना त्यांनी २०१९ साली छापली. लावलेल्या भागांत सावली दाट होती, स्थानिक झाडं जास्त होती, साठलेला कार्बनही जास्त होता. आणि तरीही शेजारच्या जुन्या जंगलाच्या पंगतीला बसायला त्यांना अवकाश होता.

म्हणजे तिथे लावणं योग्यच आहे. वर्षावनातली मोठ्या बियांची झाडं चहाचा मळा ओलांडून आपसूक येत नाहीत. त्यांना आणणारा धनेशही चहाच्या मळ्यात सहसा उतरत नाही. तेव्हा ‘काही करू नका, निसर्ग बघून घेईल’ असं म्हणणाऱ्यांच्या गटात मी नाही. मात्र निसर्ग कुठे बघून घेतो आणि कुठे त्याला हात द्यावा लागतो, हे कळायला जागेवर बसावं लागतं, आणि बसण्यासाठी आपल्याकडे निधी नाही. निधी खड्ड्यांना आहे.

आता माळव्याचं बघू. वर्षावनाला बाराही महिने ओल लागते, किंवा कोरडे महिने अगदीच थोडे चालतात. इंदूरला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने इथल्या झाडाला कोरड्यात काढायचे असतात. म्हणून आमचं जंगल पानगळीचं: साग, धावडा, पळस, सालई, मोह, तेंदू, बेल, बाहवा, खैर. मार्चमध्ये रालामंडलवर जा. टेकडीवर होळकरांची शिकारकोठी आहे, १९८९पासून अभयारण्य आहे. शहरातून आलेली कुटुंबं वर चढतात आणि म्हणतात, ‘अरे, सगळं वाळून गेलंय की!’ वाळलेलं काही नसतं. त्या झाडांनी पाणी वाचवायला दुकान बंद केलेलं असतं. आम्हा शहरी लोकांच्या डोळ्यांना जंगल म्हणजे बारमाही हिरवं असं कुणीतरी पढवलंय, आणि त्या पढवणुकीपायी आम्ही उन्हाळ्यातही हिरवी राहणारी झाडं शोधतो. सप्तपर्णी, कोनोकार्पस, निलगिरी. कोनोकार्पसवर गुजरात सरकारने २०२३ साली बंदी घातली. उन्हाळ्यात हिरवं राहणारं झाड कुठूनतरी पाणी ओढतंच, आणि एप्रिलमध्ये माळव्यात ते ‘कुठूनतरी’ म्हणजे विहिरीचा तळ.

या कोरड्या जंगलाचा सख्खा भाऊ कोस्टारिकात आहे. ग्वानाकास्ते नावाचा भाग, तिथेही चार-सहा महिने ठणठणीत कोरडे जातात. जंगल तोडून कुरणं केलेली, कुरणांत आफ्रिकेतून आणलेलं हारागुआ गवत, आणि ते गवत दर उन्हाळ्यात पेटवायचं. डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या दोघांनी १९८०च्या दशकात ही जमीन विकत घेण्यासाठी जगभरातून पैसे जमवले. त्यांनी मोठ्या प्रमाणात लावलं काय? जवळजवळ काहीच नाही. त्यांनी आग थांबवली. आजूबाजूच्या गावांतलीच माणसं आग विझवायला पगारावर ठेवली. आणि एक गंमत म्हणजे गुरं लगेच हाकलली नाहीत. गवत खाऊन आखूड राहावं, आगीला खाद्य मिळू नये, म्हणून सुरुवातीची काही वर्षं गुरं मुद्दाम चरू दिली. वाऱ्याने उडणाऱ्या बिया आधी आल्या, त्यांच्या झाडांवर पक्षी आणि वटवाघळं आली, त्यांनी आणखी बिया टाकल्या. आज तिथे जंगल आहे आणि १९९९पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.

तिथलाच संत्र्याच्या सालींचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९०च्या दशकात एका रस कंपनीने उद्यानाच्या तीन हेक्टर उजाड कुरणावर १२,००० टन संत्र्याच्या साली आणि चोथा ओतला. दुसरी कंपनी कोर्टात गेली, ओतणं बंद पडलं, लोक विसरले. सोळा वर्षांनी संशोधक जागा शोधत गेले तर जागेचा फलकच सापडेना, वेलींनी झाकला होता. शेजारच्या तशाच कुरणाच्या तुलनेत झाडांचं वस्तुमान १७६ टक्के जास्त भरलं. सालींनी गवत गुदमरवलं आणि माती पोसली. बियांचं काम जंगलाने केलं. फलक गाडला गेल्याने आनंद व्हावा अशी जंगल-योजना मी तेवढीच ऐकली आहे.

आता आमच्या सात बिघ्यांवर येतो, कारण परदेशच्या गोष्टी सांगणं सोपं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही शहाण्यासारखे वागलो नव्हतो. विहिरीकडच्या काळ्या पट्ट्यात दोनशे रोपं लावली होती. रोपवाटिकेत जे होतं ते घेतलं: गुलमोहर, सप्तपर्णी, थोडं कोनोकार्पस, थोडा साग. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावली, कारण त्या रविवारी सगळ्यांना वेळ होता. काळ्या मातीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. सप्टेंबरात खड्ड्यांत पाणी साचलं, निम्मी मुळं कुजली. एप्रिलमध्ये जमीन भेगाळली, इतकी की माझा पंजा मनगटापर्यंत आत गेला, आणि भेगेच्या दोन्ही काठांना त्याच रोपाची तुटलेली पांढरी मुळं दिसत होती. उरलेली नरवाईच्या, म्हणजे गव्हाच्या धसकटांच्या, आगीत गेली. गहू काढल्यावर शेजारच्याने नरवाई पेटवली, वारा आमच्याकडे होता. मेअखेर मोजली तेव्हा अकरा राहिली होती, त्यातले आठ साग. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर मात्र आमचे दोनशे रोपांचे फोटो अजून शाबूत आहेत.

आणि त्याच काळात वरच्या बरड बाजूला, जिथे आम्ही काहीच केलं नव्हतं, तिथे काहीतरी चाललं होतं. बटाईदाराने दोन वर्षं बकऱ्या तिकडे नेल्या नाहीत; मुलीच्या लग्नासाठी त्याने बऱ्याचशा विकल्या होत्या, एवढंच कारण. पहिल्या पावसात दगडांच्या फटीतून पळसाचे कोंब आले, एकेका ठिकाणी पाच-सहा. ते बियांपासून नव्हते, जमिनीखाली जुनी खुंटं जिवंत होती. धावडाही असाच मुळांवरून फुटतो. त्याची बी बरीचशी पोकळ निघते, तो बियांवर फार विसंबतच नाही. एका बोरीच्या जाळीत वाकून पाहिलं तर आत कडुनिंबाची तीन रोपं. बोरीवर बसलेल्या पाखरांनी टाकलेली, आणि काट्यांमुळे बकरीचं तोंड पोचलेलं नाही. बाजारात ट्री गार्ड विकत मिळतो. बोर तो फुकट देते, वर बोरंही देते.

पुढच्या मे महिन्यात बघितलं तर बहुतेक कोंब वाळून काडी झालेले. दादा म्हणाला, ‘बघ, गेलं सगळं.’ मीही खचलो. पण जून लागला आणि त्याच जागी पुन्हा फूट आली, गेल्या वर्षीपेक्षा जाड. जुने वनाधिकारी हे जाणून होते: कोरड्या जंगलातलं रोप कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात वरून मरतं आणि खालून मूळ जाड करत राहतं. मूळ पुरेसं झालं की मग एका वर्षी सरळ वर निघतं. आता सांगा, अशा रोपाची मेमध्ये मोजणी करणाऱ्या तपासनिसाने काय लिहावं? ‘मृत’. आणि त्या शेऱ्यावर पुन्हा खड्डे मंजूर होतात, जेसीबी येतं, आणि जिवंत खुंटं उखडून त्या जागी पिशवीतलं रोप बसवलं जातं. ही कल्पना नाही, डोंगरउतारावर खड्ड्यांच्या सरळ रांगा दिसल्या की त्या रांगांमधून पूर्वी काय होतं ते जरा वाकून बघा.

यावर कुणी म्हणेल, मग सगळीकडे नुसती राखणच करा, रोपवाटिका बंद करा. तसंही जमत नाही. आमच्याच काळ्या चार बिघ्यांत तीसेक वर्षं ट्रॅक्टर चालतोय, तणनाशक पडतंय. तिथे जमिनीखाली पळसाचं खुंट तर सोडाच, हराळीची मुळंही नाहीत. बरड बाजू वाचली ती दगडांवर फाळ मोडतो म्हणून. ज्या शेतातून मुळं आणि बिया दोन्ही पुसल्या गेल्यात तिथे लावावंच लागतं. पण तिथेही अख्खं शेत भरून काढायची गरज नसते. कोस्टारिकाच्याच दक्षिण भागात कॅरेन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४पासून जुन्या शेतांत झाडांची बेटं लावून पाहिली: थोडी झाडं एकत्र, मग मोकळी जागा, मग पुन्हा बेट. पक्षी बेटावर उतरतात, बेट पसरतं. खर्च पुष्कळ कमी, आणि निकाल पूर्ण लागवडीच्या बराच जवळ. आम्ही विहिरीकडच्या बांधालगत हेच करणार आहोत. पाच बेटं. बिया मानपूर घाटात रस्त्याकडेला पडलेल्या, बाहवा, बेल, मोह, शिवण, करंज. मोहाची बी महिनाभरही टिकत नाही, पडली की लगेच पेरावी लागते, हे आम्हाला बटाईदाराच्या बायकोने सांगितलं.

किती वर्षं लागतील? अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या ७७ ठिकाणच्या, शेती किंवा चराई सुटल्यावर परतलेल्या जंगलांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. २० वर्षांत अशी जंगलं सरासरीने जुन्या जंगलाच्या ७८ टक्क्यांपर्यंत येतात. माती दहा वर्षांच्या आत सावरते. झाडांच्या जातींचं मूळ मिश्रण परतायला मात्र शंभर-सव्वाशे वर्षं लागतात. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. माती बघायला मिळेल.

तेव्हा माझं म्हणणं असं की वृक्षारोपणाच्या पैशाची वाटणी उलटी करावी. पहिल्या दिवसावर कमीत कमी आणि दुसऱ्या ते सातव्या वर्षावर जास्तीत जास्त. फेब्रुवारी ते जून राखणदार ठेवा. हिवाळा संपता-संपता दहा फूट रुंदीची जाळरेषा काढा, म्हणजे नरवाईची आग टेकडीवर चढणार नाही. बकऱ्यांसाठी गावाशी बोलून आलटून-पालटून पट्टे ठरवा. पाणी अडवायचं तर झाबुआच्या भिल्लांची हलमा बघा: आमंत्रण गेलं की गावोगावची माणसं आपापली कुदळ-टोपली घेऊन येतात आणि मजुरी न घेता हाथीपावाच्या टेकडीवर चर खणतात. शहरातल्या श्रमदानात आणि यात फरक एवढाच की ती माणसं पुढच्या वर्षीही येतात.

राखणीला पगार लागतो आणि तो कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. इथेही कोस्टारिकाने वाट काढली. १९९६च्या वनकायद्याने इंधनावरच्या करातला एक वाटा बाजूला काढला आणि १९९७पासून ज्या शेतकऱ्याने जमिनीवर जंगल राखलं त्याला त्याचे पैसे मिळू लागले. लावलं म्हणून एकदा देऊन मोकळं व्हायचं नाही, राखलं तर दर वर्षी द्यायचे. एकेकाळी पाव देशावर आलेलं जंगल आज निम्म्या देशाच्या वर आहे. याचं सगळं श्रेय त्या पैशाला देता येणार नाही, गोमांसाचे भाव पडल्यानेही कुरणं सुटली. पण सुटलेल्या कुरणाचं पुन्हा शेत झालं नाही यात त्या पैशाचा हात आहे.

इंदूरला तर हे सर्वांत आधी कळायला हवं. आपण पाण्यासाठी काय केलं? १९७०मध्ये आंदोलन केलं आणि १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, नर्मदा घरात आणली. त्या पंपांचं वीजबिल शहर आजही भरतंय. चंबळ आणि गंभीर जानापावच्या डोंगरातून निघतात, कान्ह आपल्या दक्षिणेच्या टेकड्यांतून येते. त्या टेकड्यांवरच्या बरड जमिनी महू, सिमरोल, मानपूरच्या शेतकऱ्यांच्या आहेत. दर वर्षी दोन-तीन पोती सोयाबीनसाठी ते त्या कशाबशा पेरतात. नळाच्या बिलात घरामागे थोडे रुपये वाढवून त्यांना राखणीचे द्यायला काय हरकत आहे? रिओच्या सम्राटाला झरे आटल्यावर जे सुचलं ते आपल्याला पंपाच्या बिलावरून सुचायला हरकत नसावी. जंगल झालं की नदी बारमाही होईल असं वचन मी देत नाही. झाडं पाणी पितातही. पण टेकडीवरची माती धुऊन यशवंत सागर तलावात बसणं तरी थांबेल.

त्याऐवजी आपण हिशेबात मात्र जगात पुढे आहोत. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर जागा आणि दहा टक्क्यांवर छत्र असलं की ते वनाच्छादन, मग ती निलगिरी असो की आंब्याची बाग. मोठ्या निकोबारवर सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावन प्रकल्पासाठी द्यायचं ठरलं. सरकारच्याच अंदाजाने त्यात साडेनऊ लाखांवर झाडं जातील, आणि भरपाईची झाडं लावायला जागा सुचवली गेली हरियाणात. वर्षावनाच्या बदल्यात अरवलीकडची कोरडी जमीन! हे म्हणजे म्हैस मेली तिच्या भरपाईत कोंबड्या देण्यासारखं, आणि कोंबड्याही कागदावरच्या. हरियाणाला झाडं हवीत यात शंकाच नाही. पण त्या झाडांनी निकोबार भरून निघतो असं मानायचं असेल, तर बायपासवरच्या पामच्या रोपांना वर्षावन म्हणणाऱ्या बिल्डरला आपण कोणत्या तोंडाने हसायचं?

शेतकऱ्याच्या मनातली एक भीतीही बोलून दाखवायला हवी, कारण ती फलकांवर येत नाही. आमचा शेजारी पळसाचा कोंब गुडघ्याएवढा झाला की कापतो. विचारलं तर म्हणतो, झाड मोठं झालं की जमीन जंगलात धरतील. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ला ‘वन’ शब्दाचा कोशातला अर्थ धरायला सांगितला, तो निकाल त्याने वाचलेला नाही. त्याची धास्ती मात्र त्याच्यापर्यंत पोचली आहे. सागाला परवानगी लागते, वाहतुकीला टीपी म्हणजे परवाना लागतो, हे तो पाहत आलाय. आपल्या राज्यात २००१पासून लोकवानिकीचा कायदा आहे, खासगी जमिनीवरचं जंगल मालकानेच आराखडा करून सांभाळावं यासाठी. तो तहसीलच्या पायरीपर्यंत कुणी आणून सांगितला असता तर निम्मे कोंब वाचले असते. जंगल राखणाऱ्याला राखणं महाग आणि कापणं स्वस्त, अशी व्यवस्था ठेवून वर विक्रम मोजायचे, याला काय म्हणावं?

आमचं ठरलंय ते असं. बटाईदाराला या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत महिन्याला आठ हजार रुपये, आग आणि बकऱ्या बघायला. निम्मे दादा देणार, निम्मे मी. दादाला अजून ते पटलेलं नाही. पाच महिने पैसे द्यायचे आणि फोटो काढण्यासारखं काहीच नाही, हा त्याचा मुद्दा. मार्चमध्ये तो येऊन बघून गेला. बरड टेकाडावर काड्या उभ्या होत्या, चार-दोन पळसांना केशरी फुलं आली होती, बाकी सगळं मातकट. त्याने फुलांचा फोटो काढला आणि गटावर टाकला नाही.

परवा गिरदावरीसाठी, म्हणजे पिकांच्या नोंदीसाठी, पटवारी (आपला तलाठी) येऊन गेला. मोबाइल घेऊन बांधावरून फिरला. काळ्या बाजूला ‘गेहूं’ भरलं. बरड बाजूशी येऊन थांबला, म्हणाला, यहाँ क्या डालूँ? मी म्हटलं, जंगल आहे. त्याने स्क्रीन वर-खाली केली. तसा पर्याय त्यात नव्हता. थोडा वेळ त्या काड्यांकडे पाहिलं आणि ‘पडत’वर बोट ठेवून पुढच्या शेताकडे गेला.